फुकटच्या जागेतला आवाज

भरतेश मगदूम यांची एक वेबसाइट आहे, ही गोष्ट त्यांच्या गल्लीत चौघांना ठाऊक होती. त्यांपैकी तिघांना ती बंद पडली तर काय बिघडणार, हे कळत नव्हतं. चौथे ते स्वतः.

मगदूम सांगलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक. वय पंचावन्न, अंगकाठी अशी की चष्मा काढला तर तेवढंच वजन कमी व्हावं. अशा माणसाला कुस्तीचं वेड असावं हा निसर्गाचा विनोदच. पण त्यांचं वेड कुस्तीपेक्षा कुस्तीच्या निवेदनाचं होतं. उंब्रजचे धनाजीआप्पा साळुंखे तीस-चाळीस वर्षं सातारा-सांगलीच्या मैदानांत माइक धरून उभे राहिले. आखाड्यात दोन पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे असले तरी आप्पा बोलायला लागले की चहाला उठलेली माणसं परत बसायची. मगदूम सोळा वर्षांचे असल्यापासून मामाचा टेपरेकॉर्डर कर्ण्याच्या खांबाला बांधून ते बोलणं टिपून घ्यायचे. आप्पांशी दोन शब्द बोलायचं धाडस मात्र त्यांना कधी झालं नाही. माणूस देवळात जातो म्हणून देवाशी गप्पा मारतोच असं नाही.

दोन हजार चार साली त्यांना ऑफिसच्या सक्तीनं संगणकाचा कोर्स करावा लागला. परीक्षा झाल्यावर जो उत्साह शिल्लक राहिला त्यातून ही साइट निघाली. परदेशातली एक कंपनी तेव्हा हौशी लोकांना फुकट जागा द्यायची. गडद निळी पाटी, वर लुकलुकणाऱ्या चांदण्या, आणि तळाशी आजवर किती जण आले त्याचा आकडा. आकडा तीन हजारांच्या वर होता. त्यातले दोन हजार वेळा आपणच असणार, हे मगदूम प्रामाणिकपणे मान्य करत. पण साठ-सत्तर मैदानांतलं आप्पांचं निवेदन आणि अकराशे कुस्त्यांचे निकाल तिथं होते. एकोणीसच्या पुरात घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि जुना संगणक पाण्याखाली गेल्यापासून तर तो आवाज जगात दुसरीकडे कुठंच उरला नव्हता.

फुकटच्या जागेचा मालक आधी गोड बोलतो, मग हळूच आपलं सामान आणून ठेवतो. कंपनीनं पहिल्यांदा जाहिराती चिकटवल्या. एका नामांकित पैलवानाच्या फोटोशेजारी वजन घटवायच्या चहाची जाहिरात आली, तेव्हा मगदूमांनी ती पुठ्ठ्यानं झाकून साइट बघायची सवय केली. मग दोन वर्षांपूर्वी कंपनीनं फुकटवाल्यांचा आवाज बंद केला. नावं दिसायची, ऐकू काही यायचं नाही. ऐकायचं असेल तर मालकानं आत यावं, अशी इंग्रजी पाटी यायची. मगदूमांनी आत जाणं लांबणीवर टाकलं, कारण पासवर्ड आठवत नव्हता. आणि मग एका सोमवारी सकाळी मेल आली, की फुकट साइटींचा विभाग तीन आठवड्यांनी कायमचा बंद होत आहे आणि आजवरच्या सोबतीबद्दल कंपनी आभारी आहे.

मगदूमांनी ती मेल तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्यांना आभार जास्त लागले.

शेजारी सुभेदार इंद्रजित पवार राहायचे. फौजेतून येऊन आठ वर्षं झाली तरी त्यांची भाषा अजून रजेवर घरी आलेली नव्हती. त्यांनी सल्ला दिला, की पहिले अर्जी लिखो, सिस्टम से जाव. हे मगदूमांच्या हातचं काम. त्यांनी सविनय, सादर आणि नम्र हे तिन्ही शब्द इंग्रजीत घालून दोन पानी अर्ज पाठवला. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. इतकं तत्पर ऑफिस आपण उभ्या नोकरीत पाहिलं नाही, असं ते बायकोला कौतुकानं सांगायला गेले. विजयमालाबाईंनी उत्तर वाचलं आणि ते यंत्रानं पाठवलंय, असं शांतपणे सांगितलं. शेवटच्या ओळीत या उत्तरानं आपलं समाधान झालं का, असं विचारलं होतं आणि खाली एक हसरा व एक रडका चेहरा होता. मगदूमांनी रडक्यावर बोट ठेवलं. त्यावर कंपनीनं पुन्हा आभार मानले.

राहिला पासवर्ड. तो आपल्या आवडत्या पैलवानाच्या नावाचा ठेवलाय एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. पण आवडता पैलवान दर हंगामाला बदलायचा. पाच नावं घातल्यावर साइटनं दार लावून घेतलं आणि शेवटी सत्तेचाळीस असलेल्या मोबाइलवर कोड पाठवू का, म्हणून विचारलं. शेवटी सत्तेचाळीस हा मगदूमांचा पहिला मोबाइल. तो नंबर त्यांनी नऊ वर्षांपूर्वी सोडला होता.

ते मोबाइलच्या दुकानात गेले. नंबर दुसऱ्याला गेला असून कुणाला ते सांगता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा, असं उत्तर मिळालं. पोलीस ठाण्यात विचारणा झाली की त्या नंबरवाल्यानं काय गुन्हा केलाय. काही नाही. मग तुम्ही केलाय का. तेही नाही. मग पत्र कशाला, असा प्रश्न आला आणि तो बिनतोड होता. मगदूमांना स्वतःच्या टेबलापलीकडे उभं राहणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोनाफाइडसाठी आलेल्या एका मुलीला बसायला खुर्ची दिली. ऑफिसातले सगळे चकित झाले.

शेवटी विजयमालाबाईच म्हणाल्या, "अहो, नंबर तर तुम्हाला पाठ आहे. लावून बघा की."

एवढी सोपी गोष्ट घरात दुसऱ्या कुणाला सुचावी याचा थोडा राग मानून मगदूमांनी नंबर लावला. एका बाईंनी उचलला. मागं हमालांचा आणि टेम्पोचा गोंधळ ऐकू येत होता. मगदूम अदबीनं म्हणाले, "ताई, तुमच्या फोनवर आत्ता एक सहा आकडी कोड येईल. तेवढा मला सांगाल का?"

मग बाईंनी गोड आवाजात विचारलं, "वाचून दावू का लिहून धाडू?"

"वाचलात तरी चालेल," मगदूम म्हणाले.

त्यानंतर बाईंनी जे वाचून दाखवलं त्यात आकडा एकही नव्हता. आपण लोणंदच्या बाजारात कांद्याची आडत चालवतो, रोज असले पन्नास ठग आपल्याला भेटतात आणि आवाजावरनं तुम्ही चांगल्या घरचे दिसता, याची तरी लाज बाळगा, असा एकंदर आशय होता. मग विजयमालाबाईंनी त्यांच्या फोनवरून प्रयत्न केला, तर टोळीत बायकाही आहेत, असा शेरा मिळाला. सुभेदार म्हणाले, ये ऐसे नहीं मानेगी, आणि त्यांनी आपला हुद्दा, रेजिमेंट आणि सेवेची वर्षं सांगून कडक आवाजात कोड मागितला. हल्ली ठग फौजी असल्याचं सांगूनच फोन करतात, हे आठ वर्षं पेपर न वाचल्यामुळं सुभेदारांना माहीत नव्हतं. तिन्ही नंबर ब्लॉक झाले. सुभेदार दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ते मगदूमांबरोबर लोणंदला निघाले. आता प्रश्न रेजिमेंटचा होता.

मगदूमांनी बरोबर फाइल घेतली होती. आधार कार्ड, लाइटबिल, साइटच्या चाळीस पानांच्या छापील प्रती आणि प्राचार्यांचा चारित्र्याचा दाखला. सकाळच्या गाडीनं दोघं लोणंदला उतरले. बाजाराचा दिवस होता. बाईंची आडत कुठली ते विचारत, कांद्याच्या ढिगांतून वाट काढत ते एका आडतीसमोर आले. चाळिशीच्या एक बाई कांदा हातात घेऊन, दाबून, लिलाव पुकारत होत्या. मगदूमांनी विचारलं, "ताई, शेवटी सत्तेचाळीस नंबर आपलाच का?"

बाईंनी कांदा खाली ठेवला. त्यांचं नाव क्रांती शेळके. आवाज ओळखायला त्यांना एवढं वाक्य पुरलं. त्यांनी हमालांना एवढंच सांगितलं, की हेच ते, आणि मगदूमांना एका पोत्यावर आणि सुभेदारांना दुसऱ्या पोत्यावर बसवण्यात आलं. कुणी हात लावला नाही, पण भोवती माणसं अशी उभी राहिली की उठायचं मनात येऊ नये. सुभेदारांनी ओळखपत्र काढलं. एक हमाल म्हणाला, असलं कार्ड धा मिंटात छापून मिळतं. तिथून वरात पोलीस चौकीत गेली.

चौकीतले हवालदार शांत स्वभावाचे होते. त्यांच्या मागं भिंतीवरच, कुणालाही कोड सांगू नका, अशी मोठी पाटी होती. त्यांनी मगदूमांचं सगळं म्हणणं ऐकलं, फाइल उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "साइट तुमची. पासवर्ड तुमी इसरला. नंबर तुमीच सोडला. कंपनी तुमाला वळखत न्हाई. मग आमी कशावरनं वळखायचं?"

मगदूमांनी चारित्र्याचा दाखला पुढं सरकवला. हवालदारांनी त्यातल्या 'माझ्या माहितीप्रमाणे' या शब्दांवर बोट ठेवलं.

पंचावन्न वर्षांत मगदूमांना कुणी चोर म्हटलं नव्हतं. कांद्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाही लोक वेगळा अर्थ काढत होते. पण अपमानाचीही एक हद्द असते. ती ओलांडली की भित्रा माणूसही सरळ बसतो. मगदूम सरळ बसले आणि म्हणाले, "मला कागद विचारू नका. कुस्ती विचारा. आप्पांनी माइकवर सांगितलेली कुठलीही विचारा."

क्रांतीताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "गुंडा शेळके, लोणंद," त्या म्हणाल्या. "सांगा."

मगदूमांनी डोळे मिटले. "शहाऐंशी साल. पाडळीचं मैदान. चौथ्या नंबरची जोड. समोर मिरजेचा पैलवान. सव्वीस मिनिटं चालली आणि बरोबरीत सुटली."

"बरोबरीत?"

"बरोबरीत."

क्रांतीताई खाली बसल्या. गुंडा शेळके त्यांचे वडील. त्यांच्या घरात ती कुस्ती गेली एकोणचाळीस वर्षं वडिलांनी जिंकलेली होती. दर दिवाळीला पाहुण्यांसमोर ती जिंकली जायची, आणि दर वर्षी आधीपेक्षा थोडी लवकर.

"रेकॉर्डिंग हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण आत गेल्याशिवाय वाजत नाही."

क्रांतीताईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. "मागवा कोड," त्या म्हणाल्या. हवालदारांनी मागच्या पाटीचा मान राखून तोंड खिडकीकडं वळवलं.

कोड आला. ताईंनी एकेक आकडा लिलावाच्या चढ्या आवाजात सांगितला, मगदूमांनी तो घातला, आणि निळ्या पाटीमागचं दार उघडलं. यादीतून पाडळी शोधायला त्यांना पाच सेकंदही लागले नाहीत. आधी नुसती खरखर, हलगी, मग कर्ण्यातनं येणारा तो आवाज चौकीत घुमला. हवालदार खिडकीकडून परत वळले. दारातले हमाल आत आले. सव्वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही, आणि शेवटी आप्पा म्हणाले:

"पंचांनी जोड सोडवली, मंडळी. निकाल बरोबरीचा हाय, तो मान्य हाय. पण घरी जायच्या आदी गुंडा शेळक्याची पाठ बघून जावा. अंगभर माती लागली, आन पाठ कशी, घडी न मोडलेल्या धोतरागत कोरी."

क्रांतीताईंनी पदरानं नाक पुसलं. मग घरी फोन लावला आणि वडिलांना तेवढा तुकडा ऐकवला. म्हाताऱ्यानं तो दोनदा वाजवायला लावला. धोतराचं ऐकून तो खूश झाला, निकालाबद्दल मात्र एवढंच म्हणाला, "पंच सांगलीकडचं हुतं." सांगलीकडच्या दोघांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. परिस्थिती तशीच होती.

संध्याकाळपर्यंत आडतीच्या संगणकावर सगळं निवेदन उतरवून झालं. सुभेदार मागं हात बांधून त्या संगणकावर पहारा देत होते, आणि क्रांतीताईंनी मगदूमांच्या पेनड्राइव्हबरोबर स्वतःसाठीही एक प्रत करून घेतली. निघताना त्यांनी दोघांना कांद्याची एक पाटी दिली आणि फोनवर बोललेलं मागं घेतलं. अर्थात सगळं नाही. तुम्ही मागितलंही तसंच होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आवाज पेनड्राइव्हवर असणं म्हणजे पैलवान घरात झोपलेला असणं. त्याला मैदान लागतं. नवं मैदान विजयमालाबाईंनी शोधलं. त्यांच्या स्वाध्यायाच्या ग्रुपवरच्या एका बाईंची बहीण पुण्यात जुने आवाज जपून ठेवणाऱ्या हौशी मंडळींत होती. ती मंडळी आनंदानं जागा द्यायला तयार झाली. फक्त त्यांच्या फॉर्मच्या नवव्या रकान्यात विचारलं होतं, ज्यांचा आवाज आहे त्यांची लेखी परवानगी आहे का.

मगदूम त्या रकान्यापाशी चार दिवस अडकले. एकवीस वर्षं त्यांनी एका माणसाचा आवाज न विचारता जगासमोर मांडला होता. दुसऱ्याचा एक कागद सहीशिवाय पुढं न सरकवणारा अधीक्षक, आणि स्वतःच्या घरात हा प्रकार. आप्पा नाही म्हणाले तर? नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. विजयमालाबाई म्हणाल्या, "विचारल्याशिवाय नाही म्हणायला तरी त्यांना कसं जमणार? मी येते बरोबर."

साइटची एकवीस वर्षं आणि कंपनीचा सगळा पाढा घालून ना हरकत दाखला टाइप केला आणि रविवारी दोघं उंब्रजला गेले. आप्पांचं घर हायवेपासून आतल्या आळीत होतं. सून शिवांजली हिनं खुर्च्या मांडल्या. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, बारीक झालेले, आणि आवाज इतका मऊ की मगदूमांना आपण चुकीच्या घरी आलो की काय असं वाटलं. मैदानं सोडून दहा वर्षं झाली होती. आता पोरं रेकॉर्ड लावतात, मोबाइलवर दाखवतात, माझं काय काम, असं शिवांजलीच्या सांगण्याप्रमाणे ते म्हणत आणि गप्प बसून असत.

मगदूमांनी पाठ करून आणलेलं सगळं विसरून नुसता दाखला पुढं केला. आप्पांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "माझा आवाज. आन मलाच इचारायला एकवीस वर्सं लावली व्हय?"

मगदूम खुर्चीतल्या खुर्चीत आकसले. तेव्हा विजयमालाबाईंनी पर्समधून मगदूमांचा फोन काढला आणि कुठलीतरी एक कुस्ती लावून बाजेवर ठेवली.

आप्पांनी मान एका बाजूला केली. स्वतःचा आवाज असा बाहेरून त्यांनी कधी ऐकला नव्हता. माइक धरलेल्या माणसाला कर्ण्याखाली उभं राहायला कुठं मिळतं. तीन-चार मिनिटं ते ऐकत राहिले. मग एकदम हात वर केला. "थांबा. हितं म्या चुकलोय. डावाला पट म्हणलोय म्या. पट न्हवता त्यो, ढाक हुती. लोक काय म्हनली आसतील." मगदूमांनी घाईघाईनं सांगितलं की तसं काही नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. "तुमच्या आलं का?" आप्पांनी विचारलं. मगदूमांनी खाली बघून कबूल केलं, की आलं होतं, शहाऐंशी-सत्त्याऐंशीलाच, पण साइटवर लिहायचा धीर झाला नाही.

आप्पा पहिल्यांदा हसले. "आवाज बारीक करा त्या फोनचा," ते म्हणाले, आणि फोनमधल्या हलगीवर नव्यानं ती कुस्ती सांगायला लागले. पहिली दोन वाक्यं खोकल्यात गेली. तिसऱ्याला गळा मोकळा झाला. चौथ्याला शिवांजली हातातलं सूप तसंच घेऊन दारात आली. आळीतनं जाणारी दोघं-तिघं थांबली, एकानं ट्रॅक्टर बंद केला. मगदूम नुसते बघत राहिले. हे टिपून घ्यायला हवं, हे कळून विजयमालाबाईंनी स्वतःचा फोन काढला आणि बटण दाबलं.

कुस्ती सुटली, पण आप्पा थांबले नाहीत. त्यांनी मांडीवरचा कागद उचलला, त्यावरचं नाव पाहिलं आणि मैदानाला सांगावं तसं आळीला सांगितलं, "आता बघा, मंडळी, पुढची जोड. एकीकडं सांगलीचं भरतेश मगदूम. दुसरीकडं परदेशातली कंपनी. एकवीस वर्सं झाली, ह्या गड्यानं मैदान सोडल्यालं न्हाई."

नाव पुकारलं की पैलवानानं उभं राहायचं असतं. मगदूम उभे राहिले.